निवासगृह की स्वतःचं घर?

अपंग व्यक्तीनं आई-वडिलांच्या घरातून बाहेर पडायचं ठरवलं की दोन वाटा दिसतात: आठ-दहा जणांचं निवासगृह, किंवा स्वतःचं घर आणि ठरलेल्या वेळी येणारा मदतनीस.

निवासगृहाची जमेची बाजू सरळ आहे. रात्री-अपरात्री कुणीतरी जागं असतं. पण दिवे कधी मालवायचे, आंघोळीला नंबर कितवा, हे कर्मचाऱ्यांच्या पाळ्या ठरवतात. शर्टाची बटणं स्वतः लावायला चार मिनिटं लागत असतील, तर घाईतला कर्मचारी ती अर्ध्या मिनिटात लावून मोकळा होतो. (प्रेमानंच, पण लावतो.) असं रोज झालं की बोटांची सवय मोडते.

स्वतःच्या घरात किल्ली आपल्या खिशात. मदतनीस कोण हवा, त्यानं काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे आपण सांगायचं. गैरसोयी आहेतच. तो ऐनवेळी दांडी मारतो, म्हणून पर्यायी माणूस आधीच हेरून ठेवावा लागतो. शेजारही आपोआप मिळत नाही. वाचनालयात, भजनी मंडळात, कुठेतरी नेमानं जावं लागतं.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं कलम १९ कुठे आणि कुणासोबत राहायचं हे निवडण्याचा हक्क मान्य करतं. माझा कल दुसऱ्या वाटेकडेच. मदत जास्त लागत असेल तर मदतनिसाचे तास वाढवावेत, निवड काढून घेऊ नये. फक्त एकदम उडी नको; आधी आठवड्यातल्या दोन रात्री राहून बघाव्यात.