सेकंडहँड लाकडी क्लॅरिनेट: बुफे ई-११, एक पावसाळा वापरून झाल्यावर

शिकायला म्हणून घेतलेला प्लॅस्टिकचा क्लॅरिनेट आहे, आता लाकडी हवाय, पण नव्या लाकडीचे पैसे ऐकून पोटात गोळा येतो, अशांसाठी हे लिहितोय. मी घेतला तो बुफे क्रॅम्पाँचा ई-११, ग्रेनाडिला लाकूड, बी फ्लॅट पट्टीचा, बोएम सिस्टीम (कीजची आज सर्रास चालणारी रचना), पुण्यातच एका हौशी वादकाकडून, केससकट ४२ हजारांना, आणि वर पॅड (कीजखालच्या, भोकं झाकणाऱ्या गाद्या), कॉर्क, सर्व्हिसिंग धरून ९ हजार. एवढ्या पैशात असा आवाज मिळतो हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी केव्हाच घेतला असता.

या मधल्या रेंजमध्ये जुन्यात काय काय मिळतं ते आधी सांगतो. बुफेचा ई-११ आणि त्याच्या वरचा ई-१३, यामाहाचा वायसीएल-४५० किंवा त्याच्या आधीचा ३४, लब्लाँचा नोब्ले, अमेरिकन सेल्मरचा सिग्नेट, बूझी अँड हॉक्सचा एजवेअर. हे सगळे लाकडी आहेत, शिकाऊच्या वरचे आणि प्रोफेशनलच्या खालचे. ई-११ मध्ये जर्मनीत बनलेले आणि नंतरचे फ्रान्सचा शिक्का असलेले असे दोन्ही दिसतात, माझा जर्मनीवाला आहे. नाव कुठलंही असो, जुन्या वाद्यात नावापेक्षा ते कसं सांभाळलंय हेच बघायचं, चांगला ठेवलेला नोब्ले हा उन्हात पडलेल्या ई-१३ पेक्षा केव्हाही भारी.

आता बघायचं कसं. पहिली गोष्ट तडा. सगळे भाग सुटे करायचे, वरचा जॉइंट (नळीचा वरचा भाग) हातात घ्यायचा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून लाकडाच्या रेषांच्या दिशेने हळूहळू फिरवायचा. तडा बहुतेक वेळा वरच्याच जॉइंटला जातो, आणि तोही ट्रिल कीजच्या (दोन सूर झरझर आलटून वाजवायच्या कीज) भोकांजवळ, कारण तोंडाची गरम ओली हवा आधी तिथेच पोचते. लाकडाची नुसती रेघ असेल तर नख गुळगुळीत सरकतं, तडा असेल तर अडकतं. बॅरलची, म्हणजे माउथपीस आणि वरचा जॉइंट यांच्यामधल्या छोट्या तुकड्याची, दोन्ही टोकं पण बघायची. चांगल्या माणसाने चिकटवून पिन मारलेला जुना तडा असेल तर घाबरायचं कारण नाही, वर्षानुवर्षं चालतो, फक्त किंमत त्या मानाने कमी करून घ्यायची. मला ऑनलाइन जाहिरातीत एक फारच स्वस्त मिळत होता, फोटोत चकाचक, प्रत्यक्षात बघितलं तर ट्रिलच्या भोकातून सरळ खाली गेलेला तडा काळ्या मेणाने बुजवलेला, आणि विकणाऱ्याचं म्हणणं "ते लाकूडच तसं असतं". नाही, लाकूड तसं नसतं.

दुसरी गोष्ट हवा. वरच्या जॉइंटची तिन्ही भोकं आणि अंगठ्याचं भोक नेहमीसारखं बोटांनी बंद करायचं, खालचं टोक दुसऱ्या तळहाताने दाबायचं आणि वरून तोंडाने हवा ओढून घ्यायची. जॉइंट ओठांना जळूसारखा चिकटून राहिला आणि सोडताना टॉक् आवाज आला की पॅड नीट बसलेत. लगेच सुटला तर कुठेतरी गळतंय. खालच्या जॉइंटला पण हेच करायचं, तिथे मोठ्या पॅडच्या कीज दाबून धरायच्या, थोडं कौशल्य लागतं. गळतंय म्हणजे वाद्य वाईट असं अजिबात नाही, पॅड बदलता येतात, माझ्यात चार पॅडची वरची पातळ कातडी फाटली होती आणि खालचा इ निघता निघत नव्हता. बदलल्यावर तोच खालचा सूर असा भरून आला की खोलीतली पितळी भांडी थरथरायला लागली. म्हणून बजेट करतानाच पूर्ण पॅड बदलायचा खर्च धरा आणि विकणाऱ्याशी त्या हिशोबाने बोला. कीज हलवून खुळखुळ किती आहे ते बघायचं, स्प्रिंगना गंज आहे का बघायचं (कोकणातून किंवा मुंबईतून येणाऱ्या वाद्यांना हमखास असतो). चांदीचा मुलामा उडालाय, बोटांपाशी पिवळट दिसतंय याचं मात्र काही मनावर घेऊ नका, आवाजाचा त्याच्याशी संबंध नाही.

तिसरी गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची. बँडवाल्यांच्या जुन्या दुकानात, जुन्या बाजारात लाकडी क्लॅरोनेट अगदी पाच-सात हजारात मिळतो, हातात घेतल्यावर वजनदार, दिसायला सुंदर, पण तो बऱ्याचदा अल्बर्ट म्हणजे सिंपल सिस्टीमचा, कीजच्या जुन्या रचनेचा असतो. बोएमची बोटं शिकलेल्याला तो नव्याने शिकावा लागेल. शिवाय जुन्या ब्रिटिश लष्करी बँडांच्या काळातला असेल तर हाय पिचचा असू शकतो, म्हणजे ए हा सूर ४४० हर्ट्झच्या जागी ४५२ च्या आसपास. बॅरल ओढून तो हार्मोनियमला लागत नाही, एक सूर जुळवला की बाकीचे वाकडे होतात, कारण भोकांमधलं अंतरच त्या पिचसाठी काढलेलं असतं. ट्यूनर ॲप लावून एक सूर न बघता पूर्ण सप्तक वाजवून बघा.

आता आवाजाबद्दल. लाकूड म्हणजे जादू असं मी म्हणणार नाही. आवाज मुख्यतः आतल्या नळीच्या मापावर आणि माउथपीसवर ठरतो, लाकडी वाद्यांची ती मापं जास्त निगुतीने काढलेली असतात म्हणून फरक पडतो. माउथपीस जुना कुणाचा तरी उष्टा वापरण्यापेक्षा नवा घ्या, मी व्हॅन्डोरेनचा ५आरव्ही लायर लावलाय आणि अडीच नंबरचा रीड (माउथपीसवर बांधायची वेताची पट्टी). माझ्या जुन्या प्लॅस्टिकवर खालच्या सप्तकातून वर जाताना, म्हणजे रजिस्टर की दाबल्यावर, सूर आधी अडखळायचा, इथे तो सरळ चढतो. मधले थ्रोटचे सूर, ए आणि बी फ्लॅट, जरा पोकळ वाटतात पण ते जवळपास प्रत्येक क्लॅरिनेटवर तसेच असतात, उजव्या हाताची एक-दोन बोटं ठेवली की भरतात.

मी मुख्यतः नाट्यसंगीत आणि भावगीतं वाजवतो, त्यामुळे पट्टीचं गणित रोजचं. क्लॅरिनेटवरचा सी म्हणजे आपली काळी पाच. काळी दोनला गाणारे असले तर एफ वरून वाजवायचं, पांढरी चारला जी वरून, हे दोन्ही हाताला सोपे. काळी एकला बोटांची कसरत होते पण सवयीने जमतं. हार्मोनियमपेक्षा किंचित चढा वाटला तर बॅरल मिलिमीटरभर ओढला की झालं. मींड घ्यायला बोटं भोकावरून हळू सरकवायची, पॅड घट्ट असतील तरच ती सलग येते, गळक्या वाद्यावर मधेच तुटते, आणि आपल्या संगीतात मींडच तुटली तर मग उरलं काय.

पावसाळ्याची मला सगळ्यात जास्त भीती होती. जूनपासून लाकूड फुगलं, दोन जॉइंट एकमेकांत इतके घट्ट बसायला लागले की सुटेनात. जोर लावायचा नाही, लावला तर कीज वाकतात किंवा टेनन (जॉइंटचं दुसऱ्यात बसणारं टोक) तुटतं. वाजवून झालं की लगेच सुटे करायचे, आतून कापडाने पुसायचं, टेननपण पुसायचं, केसमध्ये सिलिका जेलची पुडी. मग आपोआप रुळतं. खरी काळजी उलट हिवाळ्यात आणि एसीत, गार लाकडात एकदम गरम श्वास सोडला की तडा जायचा धोका, म्हणून आधी काखेत धरून कोमट करतो. वर्षानुवर्षं केसमध्ये पडून असलेला घेतलात तर सुरुवातीला रोज थोडाच वेळ वाजवा, लाकूड पुन्हा ओलाव्याला सरावलं पाहिजे.

आणि प्लॅस्टिकवाला विकू नका! मिरवणुकीत, वरातीत, उन्हापावसात लाकडी बाहेर काढणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. मी गणपतीत जुनाच नेतो.

परदेशातून कुणी नातेवाईक आणणार असेल तर एक माहिती. ग्रेनाडिला हे आपल्या शिसवाच्याच कुळातलं, आफ्रिकेतलं झाड, २०१७ मध्ये त्याच्यावर साइट्सचे (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) निर्बंध आले होते आणि लोक त्या भीतीने अजूनही कचरतात. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. कस्टम ड्युटीचं मात्र निघायच्या आधी नीट विचारून घ्या. विमानात हातातल्या बॅगेतच ठेवायला सांगा, खालच्या सामानात तापमान आणि आदळआपट दोन्हीचा भरवसा नाही.

पुण्या-मुंबईत कुणी ई-११ किंवा वायसीएल-४५० बघत असेल आणि सोबत बघायला कुणी हवं असेल तर मी सुट्टीच्या दिवशी आनंदाने येईन, टॉर्च मी आणतो.