थर्मास, गुळाचा चहा आणि रात्री दीडची मॅच : दहा महिन्यांचा वापर

एक लिटरचा, दुहेरी भिंतीचा स्टीलचा थर्मास. 18/8 स्टील, 24 तास गरम वगैरे खोक्यावर छापलेलं सगळ्यांना पाठ आहे, ते परत लिहीत नाही. ऑगस्ट ते मे, युरोपातला अख्खा फुटबॉल सीझन वापर झाला. आज लिहायचं कारण वायसर. झाकणातला सिलिकॉनचा वायसर चपटा पडलाय, आडवा ठेवला की चहा पाझरतो. सर्व्हिस सेंटरचं उत्तर : सुटा वायसर येत नाही, पूर्ण झाकण घ्या. झाकणाची किंमत थर्मासच्या तिसऱ्या हिश्श्याला लागते. एका रबरी कड्यासाठी!

मूळ कामाबद्दल तक्रार नाही. चॅम्पियन्स लीगची मॅच आपल्याकडे हिवाळ्यात दीडला, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे सरकली की साडेबाराला. अकराला भरलेला चहा हाफटाइमला, म्हणजे सव्वादोनच्या पुढे, फुंकून प्यावा लागतो. एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्ट्या होऊन चार वाजले तरी कोमट होत नाही. अट एवढीच की आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवायचं, ओतून टाकायचं, मग चहा गळ्यापर्यंत भरायचा. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो, त्यामुळे दोघांपुरत्या चहाला अर्ध्या लिटरचा घेतलेला बरा.

आता वादाकडे. 2025 मध्ये लिव्हरपूलनं इंग्लंडची विसावी लीग जिंकून मँचेस्टर युनायटेडची बरोबरी केली, तेव्हापासून दोन्ही क्लबांच्या इथल्या पोरांना मोजून दाखवायला काही उरलेलं नाही. म्हणून हाफटाइमच्या पंधरा मिनिटांत आमच्या मोबाईल ग्रुपवर भांडण होतं ते चहावरून, गुळाचा की साखरेचा. बेळगावकडचे खानापूर, निपाणी, टिळकवाडी, सीमेपलीकडून म्हणजे महाराष्ट्रातून कोल्हापूर, सगळे हजर. पहिला मेसेज लेफ्ट बॅकबद्दल असतो, तिसऱ्यापर्यंत गूळ आलेला असतो. आणि पक्ष वर्ल्ड कपच्या हिशेबानं पडतात. ब्राझीलवाले साखरेचे, कारण जगात सगळ्यात जास्त ऊस तिथंच पिकतो. अर्जेंटिनावाले म्हणतात थर्मास मुळात आमचा : बसमधून उतरताना खेळाडूंच्या काखेत थर्मास आणि हातात माते (तिकडचा पाल्याचा चहा) असतो, फोटो बघा. त्यावर उत्तर ठरलेलं : "मर्दा, मातेला पाणी सत्तर-ऐंशी डिग्रीचं लागतंय, उकळतं न्हवं. तुमचा थर्मास टेस्टच झालेला न्हाई." मुद्दा बरोबर आहे. उकळत्या पाण्यानं माते कडू होतो.

गुळाचा चहा थर्मासात फाटतो, हा सगळ्यात जुना आरोप. "8 जुलै 2014 ला बेलो होरिझोंतेत फाटला तसा," असं कुणीतरी लिहितंच (त्या दिवशी वर्ल्ड कपमध्ये जर्मनीनं ब्राझीलला 7-1 नं फाडलं होतं), आणि मग ब्राझीलवाले दहा मिनिटं गप्प. पहिल्या दोन महिन्यांत थर्मासाला दोन तारे द्यायची तयारी होती ती ह्याच कारणानं. ते मत आता मागे. दोष भांड्याचा नाही. गूळ थोडा आंबट असतो, जुना असेल तर जास्तच, आणि उकळत्या दुधात आंबट पडलं की दूध नासणार. चुलीवर ते दोन मिनिटांत कळतं, थर्मासात तीच गोष्ट तीन-चार तासांत हळूहळू होते, म्हणून ओतताना चोथा दिसतो.

उपाय असा. थर्मास गळ्यापर्यंत भरेल एवढ्या पाण्यात चहापूड आणि आलं उकळा, गॅस बंद करून गूळ विरघळवा, गाळून कोराच चहा थर्मासात भरा. दूध वेगळं तापवून छोट्या भांड्यात ठेवा आणि कपातच मिसळा. गुळात खडे-माती असते, गाळणं टाळू नका. गूळ निपाणी-संकेश्वरचा की कोल्हापुरी, ह्यावर वेगळी लढाई चालते. कर्नाटकातला गूळ कोल्हापुरी म्हणून विकतात ही पलीकडची तक्रार. फाटण्याच्या बाबतीत मात्र सीमेचा काही संबंध नाही, गूळ ताजा की जुना एवढंच. दुधाचाच चहा भरायचा असेल तर साखरेचा भरा आणि चार तासांत संपवा. उरलेला सकाळी गरम करून पिऊ नका.

परत वायसर. उद्यमबागेतली (बेळगावची कारखान्यांची वसाहत) मंडळी ह्या वादात उतरली तेव्हा मॅच कुणी बघतच नव्हतं. हायड्रॉलिकच्या कामात ओ-रिंग, म्हणजे गळती थांबवणारी रबरी कडी, रोज हाताखालून जातात, "माप सांगा, उद्या आणून देतो" असे चार मेसेज. घेऊ नका. ती काळी रिंग नायट्राइल रबराची, तेलासाठी केलेली, सत्तर-नव्वद शोर (रबराचा कडकपणा मोजायचं माप), म्हणजे कडक. झाकण पूर्ण आवळलं तरी बसत नाही, आणि चहाला टायरचा वास येतो. लागतो तो फूड ग्रेड सिलिकॉन, मऊ. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी व्हर्नियरनं मोजा, पण चपट्या झालेल्या जागी नव्हे, कमी दबलेल्या जागी. ह्यावर "व्हीएआर (व्हिडिओ रेफरी) बघा" म्हणत व्हर्नियरचा फोटो टाकणारा ऑफसाईडची रेषा आखणाऱ्यापेक्षा जास्त काटेकोर निघाला.

वायसर लवकर मरायचं कारणही वापरातच आहे. झाकण आवळून थर्मास रिकामा ठेवला की तो दिवसभर दबलेला राहतो. धुऊन झाकण उघडंच ठेवा. वेलदोड्याचा वास स्टीलला लागत नाही, वायसरला लागतो. वायसर पिनेनं नाही, चमच्याच्या दांड्यानं काढा आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर ठेवा. ब्लीच नको, स्टीलला डाग पडतात.

जुना घेत असाल तर उकळतं पाणी भरून पाच मिनिटांनी बाहेरून हात लावा. गळ्याशी थोडं ऊन लागणं ठीक, पोट गरम लागलं तर दोन भिंतींमधला व्हॅक्यूम गेला, तो दुरुस्त होत नाही.

तारे साडेतीन. अर्धा कापला तो झाकणाचा, एक सर्व्हिसचा. सध्या वायसर उलटा करून बसवलाय, न दबलेली बाजू खाली. पाझर थांबलाय. किती दिवस टिकतो ह्यावर लिव्हरपूलवाल्यांनी ऑगस्ट सांगितलाय, युनायटेडवाल्यांनी जून.