फ्लीस की कागदी बेडिंग? उंदरांच्या पिंजऱ्यात काय अंथरावं

पिंजरा आला, पाळायचे उंदीर आले (दोन तरी आणले असतील अशी आशा आहे), आता पिंजऱ्याच्या तळाशी काय घालायचं एवढंच ठरायचं राहिलं असेल, तर हे तुमच्यासाठी.

पाइन आणि सीडरचा भुसा मी या तुलनेत धरतच नाही. अशा लाकडाच्या भुशावर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतात औषधं पचवणाऱ्या एन्झाइम्सचं काम बदलतं, हे 1967 मध्येच दाखवून झालंय. भट्टीत वाळवलेला पाइन काही जण बिनघोर वापरतात, त्या वादात मी पडत नाही. मांजरासाठीची गोळे होणारी वाळू तर नकोच, कारण उंदीर ती खाऊन बघणार. उरले दोन पर्याय: फ्लीसचं कापड (कृत्रिम धाग्यांचं, पांघरुणासारखं मऊ) किंवा मोकळं कागदी बेडिंग (अंथरायचे कागदाचे मऊ तुकडे). मी सव्वा वर्ष फ्लीसवर काढलं आणि गेलं दीड वर्ष कागदावर आहे. माझा कल कुठे आहे हे यावरून कळलंच असेल, पण फ्लीसवर अन्याय करायचा नाही.

फ्लीस दिसायला सुंदर. धूळ नाही, पिंजऱ्याबाहेर कचरा नाही, तळव्यांना मऊ. शिवाय कापलेल्या कडेतून दोरे सुटत नाहीत, आणि हा गुण दिसतो त्याहून मोठा आहे. टॉवेलच्या वेढ्यांत नखं अडकतात, आणि सुटा दोरा बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा तोडू शकतो. म्हणून कापडच घालायचं असेल तर फ्लीसच घाला, जुने टॉवेल नकोत. नवं फ्लीस पाणी वर थोपवून धरतं, ते दोन-चारदा धुतल्यावरच ओल खाली सोडायला लागतं. त्याखाली शोषून घेणारा थर हवा आणि धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. त्याने ओल पुन्हा वरच राहते, आणि त्याचा सुगंध उंदरांच्या नाकाला सोसत नाही.

इथवर फ्लीस पुढे होतं. मला छळलं ते पुढच्या प्रकाराने.

दर तीन दिवसांनी फ्लीस बदलायचो. धुतलेलं, वाळलेलं कापड घालून, कडा चिमट्यांनी आवळून उंदरांना आत सोडलं, की दार लावेपर्यंत भोपळ्याचं (माझ्या दोन उंदरांपैकी एक, दुसरा ठोंब्या) काम सुरू झालेलं असायचं. पोट टेकवत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा आणि मागे थेंबांची रेघ. मग ठोंब्या त्याच रेघेवरून. मग दोघे एकमेकांवर. अर्ध्या तासात पिंजऱ्याला आदल्या रात्रीइतकाच वास. मला आधी वाटलं माझं धुणं कच्चं, म्हणून पाणी अधिक गरम केलं, एक फेरी वाढवली, दोन दिवसांनी बदलायला लागलो. वास वाढलाच.

उशिरा डोक्यात प्रकाश पडला. लघवीचे ते थेंब म्हणजे उंदरांची दारावरची पाटी असते. मी दर वेळी पाटी पुसत होतो आणि ते दर वेळी नव्याने, जरा जास्तच ठळक रंगवत होते. नर यात आघाडीवर असतात, माद्यांचं प्रमाण बरंच कमी, त्यामुळे तुमच्याकडे फक्त माद्या असतील तर माझी ही तक्रार तुम्हाला निम्मीही लागू होणार नाही. कागदी बेडिंगमध्ये यावर उपाय सोपा आहे. रोज ओला कोपरा तेवढा काढायचा, आणि सगळं बदलताना जुन्यातलं कोरडं दोन मुठी नव्यात मिसळायचं. पाटी शाबूत राहते आणि रंगकाम थांबतं. तसं जुन्या कापडाचा एखादा तुकडा आत ठेवूनही करता येतं. मी करून पाहिलं, भोपळ्याने तो तुकडा घरट्यात ओढून नेला आणि बाकी जागेवर नव्याने सही केली.

दुसरं गाऱ्हाणं त्या मानाने लहान. कडा कितीही आवळा, ते फ्लीसखाली शिरतात. खाली शिरले की तिथेच झोपतात, तिथेच मुततात, आणि वरून सगळं नीटनेटकं दिसत राहतं. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. जीवाणू तिच्यातला युरिया फोडतात तेव्हा अमोनिया सुटतो, आणि दमट, झाकलेली जागा त्याला आयतीच मिळते. आपलं नाक रोजच्या वासाला सरावतं. उंदीर फक्त नाकानेच श्वास घेतो आणि त्याचं नाक त्या कापडापासून बोटभर अंतरावर. बहुतेक पाळीव उंदरांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा नावाचा जीवाणू आधीच मुक्काम करून असतो. त्याच्यामुळे होणारा श्वसनाचा आजार अमोनियामुळे बळावतो, हे 1976 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात हवेत 25 पीपीएम (दहा लाखांत 25 भाग) इतक्या प्रमाणापासून दिसलं होतं. माझ्याकडे मोजायचं यंत्र नाही. मी फक्त रात्री दिवे मालवल्यावर पडल्या पडल्या शिंका ऐकायचो. कागदावर आल्यानंतर महिन्याभरात त्या विरळ झाल्या. त्याच सुमारास मी पिंजरा वाऱ्याचा झोत येणाऱ्या खिडकीपासूनही हलवला होता, तेव्हा सगळं श्रेय कागदाला देणं बरोबर नाही. तरी निम्मं देतो.

शिंका म्हटल्यावर एक आवर्जून सांगतो. नाकाडोळ्यांभोवती लाल दिसलं की नवा माणूस रक्त समजून हबकतो. बहुतेकदा ते पॉर्फिरिन असतं, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारं. थोडं असेल तर लक्ष ठेवा. पण सतत येत असेल, श्वासाला घरघर असेल किंवा कुशी आत ओढल्या जात असतील, तर बेडिंग बदलत बसू नका, उंदीर तपासणारा पशुवैद्य गाठा.

कागदाचेही दोष आहेतच. ते उडतं. दर थोड्या दिवसांनी पुन्हा आणावं लागतं. पाण्याच्या बाटलीच्या टोकाला लागलं तर बाटली रात्रभर ठिबकत राहते आणि सकाळी तळाशी चिखल. बऱ्याच पिंजऱ्यांचा ट्रे इतका उथळ असतो, की कागद घालायचा तर आधी खोल ट्रेची सोय करावी लागते. निदान पाच-सहा सेंटिमीटरचा थर हवा, नाहीतर गंमतच नाही. सगळे कागद सारखेही नसतात. मूठभर हवेत उडवून बघा, पांढरा धुरळा दिसला तर ती पिशवी नको. वर्तमानपत्र फाडून घातलं तर चालतं, पण ते शोषतं कमी, वास मुळीच धरून ठेवत नाही आणि पांढरा उंदीर आठवड्यात करडा होतो.

पण त्या पाच-सहा सेंटिमीटरांत ते काय काय करतात! रोजच्या खाण्यातला काही भाग मी वाडग्यात न घालता बेडिंगमध्ये विखुरतो. खोदत, हुंगत, एकमेकांच्या तोंडातलं पळवत ते तासभर कामात असतात. फ्लीसवर हेच खाणं पाच मिनिटांत संपायचं आणि मग रिकामे दात फ्लीसकडे वळायचे. उंदराला उलटी करता येत नाही, गिळलेली चिंधी परत येत नाही. माझ्याकडे तसं काही घडलं नाही, ठोंब्या कुरतडून टाकून द्यायचा. पण नीट गिळणारा उंदीर तुमच्या वाट्याला येऊ शकतो.

फ्लीस मी टाकून मात्र दिलेलं नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस फ्लीसच हवं, कारण कागदाचे कण टाक्यांना चिकटतात. आणि भोपळ्या दोन वर्षांचा झाला तेव्हा त्याचे मागचे पाय मंदावले. खोल कागदात त्याला पाय उचलणं जड जाऊ लागलं, म्हणून वरच्या फळीवर त्याच्यासाठी फ्लीस घातलं. खाली कागद, वर कापड. ते फ्लीस मी हल्ली आठवड्याने धुतो आणि तो अजूनही लगेच ओलं करतो, पण आता एकच फळी आहे, तेवढं चालतं.

फ्लीसवरून कागदावर येणार असाल तर शेवटचं न धुतलेलं फ्लीस दोन-तीन दिवस कोपऱ्यात राहू द्या. आणि बेडिंगची नवी पिशवी माइट्सच्या (अंगावर होणाऱ्या बारीक किड्यांच्या) भीतीने दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवणार असाल, मी ठेवतो, तर घरातल्यांना आधी सांगून ठेवा.