घरातील हवा मोजणारे यंत्र : सहा महिन्यांच्या वापरानंतर

वडिलांना दमा आहे. गेल्या हिवाळ्यात त्यांना इनहेलर वारंवार घ्यावा लागू लागला, तेव्हा आम्ही शेजारच्या बांधकामाच्या धुळीला दोष देऊन खिडक्या बंद ठेवल्या, तरीही रात्रीचा खोकला कमी होईना. म्हणून मार्चमध्ये साडेसात हजार रुपयांना हवा मोजणारे यंत्र मागवले. तळहाताएवढ्या या पेटीवर पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, कार्बन डायऑक्साइड, फॉर्माल्डिहाइड (प्लायवूड, रंग यांतून निघणारा त्रासदायक वायू), तापमान आणि आर्द्रता यांचे आकडे दिसतात.

पहिल्याच आठवड्यात आमचा समज खोटा ठरला. सकाळी बाल्कनीत पीएम २.५ चा आकडा ४५ च्या आसपास असे, पण बंद स्वयंपाकघरात पुऱ्या तळताना तोच २८० वर गेला आणि खाली यायला तासाहून अधिक वेळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांच्या सरासरीसाठी प्रति घनमीटर १५ मायक्रोग्रॅम ही पातळी सुचवली आहे आणि भारतीय मानकात ती ६० आहे. क्षणिक आकड्याची त्यांच्याशी थेट तुलना करता येत नाही, परंतु रोजचा स्वयंपाक, देवापुढची उदबत्ती आणि संध्याकाळचा धूप यांची बेरीज केली, तर घरातली सरासरी बाहेरच्यापेक्षा वाईट का निघते हे कळते. आमची चिमणी धूर बाहेर नेत नाही, फक्त गाळून पुन्हा खोलीतच सोडते, हेही याच आकड्यांमुळे लक्षात आले.

सर्वांत मोठा धक्का डासांच्या कॉइलने दिला. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण सुमारे शंभर सिगारेटींइतके असतात, हे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे म्हणणे मी पूर्वी वाचले होते, पण ते वाचूनही वडिलांच्या पलंगाखाली कॉइल लावणे थांबले नव्हते. दार लावलेल्या खोलीत यंत्राने ६०० चा आकडा ओलांडलेला वडिलांनी स्वतः पाहिला, आणि दुसऱ्याच दिवशी माळ्यावरची मच्छरदाणी खाली आली. त्यानंतर त्यांचा रात्रीचा खोकला स्पष्टपणे कमी झाला. केवळ या एका गोष्टीसाठीही मला यंत्राची किंमत वसूल झाली असे वाटते.

कार्बन डायऑक्साइडचा आकडा तितकाच उपयोगी आहे. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. एसी लावून तिघे झोपलेल्या आमच्या खोलीत पहाटे तो २,१०० पर्यंत जाई. या पातळीला हा वायू विषारी नसतो, मात्र आपण एकमेकांनी सोडलेलाच श्वास पुन्हा घेत आहोत याची ती खूण असते. साधे एसी खोलीतलीच हवा फिरवतात आणि एअर प्युरिफायर कण अडवतो, पण या वायूवर त्याचा परिणाम होत नाही. खिडकी चार बोटे उघडी ठेवल्यावर पहाटेचा आकडा ८०० च्या आत आला.

आता उणिवा. पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे गेली की कण पाणी शोषून फुगतात आणि यंत्र पीएम २.५ चे प्रमाण वाढवून दाखवते. कुकरची वाफसुद्धा त्याला धुरासारखीच दिसते. फॉर्माल्डिहाइडच्या आकड्यावर तर मी विश्वास ठेवणे सोडले आहे, कारण हाताला सॅनिटायझर लावला तरी तो चढतो. बॅटरी जेमतेम चार तास टिकते, त्यामुळे यंत्र सतत चार्जरला जोडून ठेवावे लागते.

या सगळ्यांपेक्षा गंभीर बाब म्हणजे हे यंत्र कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही, तरीही विक्रेत्याच्या जाहिरातीत 'विषारी वायूंपासून कुटुंबाचे संरक्षण' असे ठळकपणे लिहिले आहे. नावातल्या साम्यामुळे माझ्या बहिणीचाही गैरसमज झाला आणि बाथरूममधल्या गॅस गीझरमधून कार्बन मोनॉक्साइड निघाला तर त्याची सूचना हेच यंत्र देईल असे तिने गृहीत धरले. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे मृत्यू झाल्याच्या बातम्या आपल्याकडे जवळजवळ दर हिवाळ्यात येतात. बहिणीने गीझर ड्राय बाल्कनीत हलवून घेतला आणि कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म बसवला. स्वयंपाकघर आणि झोपण्याची खोली यांच्यासाठी हे यंत्र मी जरूर सुचवेन. गीझरसाठी त्याच्यावर अजिबात विसंबू नये. विक्रेत्याला मी दोनदा लिहून कळवले आहे, पण जाहिरातीतले ते वाक्य अजून तसेच आहे.