पाऊस थांबतो तेव्हा: ‘रेन रूम’ पाहताना

रँडम इंटरनॅशनल या कलासमूहाची ‘रेन रूम’ ही मांडणी २०१२ मध्ये लंडनच्या बार्बिकन केंद्रात प्रथम दाखवली गेली आणि २०१८ पासून ती शारजा येथे कायमस्वरूपी आहे. अंधाऱ्या दालनात छतातून सतत पाऊस कोसळत असतो. मात्र प्रेक्षक आत शिरला की कॅमेरे त्याची जागा टिपतात आणि नेमक्या त्याच्या डोक्यावरच्या तोट्या बंद होतात. हळू चालणारा कोरडा राहतो, धावणारा भिजतो. काळे कपडे घातले तर यंत्रणेची नजर चुकते, ही गंमतही ध्यानात ठेवावी.

नवोदित कलावंताला येथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे. हात पुढे केल्यावर बोटांच्या जरा पलीकडे थेंब पडत राहतात आणि आपल्या शरीराची सीमारेषा आपण नव्हे, तर पाणी आखत आहे हे उमगते. पेन्सिलीने बाह्यरेषा काढताना जे कधीच सुचले नसते, ते इथे सहज दिसते. तंत्राचा डामडौल कुठेही नाही. छायाचित्रांच्या हव्यासात मात्र पावसाचा आवाज, म्हणजे माझ्या मते या कलाकृतीचा निम्मा ऐवज, ऐकायचाच राहून जातो.