पाहुण्यांचं बाथरूम कमी पैशात नवं केलं: एक पावसाळा काढल्यानंतर

वडगावातल्या आमच्या बैठ्या घराचं मागचं बाथरूम पाहुण्यांसाठी. खाली शहाबादी फरशी, कमरेपर्यंत सहा इंची पांढऱ्या टाइल्स, देशी भांडं, आणि नळ सोडला की आधी तांबूस पाणी ओकणारी जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पाइप. हिवाळ्यात काम काढलं. आता पावसाळा आणि गौरी-गणपतीची गर्दी दोन्ही उरकून लिहितोय. साठ हजारांत बसवायचं होतं, थोडं वर गेलं. वर गेलेले पैसे चकचकीत वस्तूंवर नाही, फरशीखाली गेले, आणि वसूल झालेत तेही तेच.

पैसे वाचले भिंतीवर. जुन्या टाइल्स सरसकट फोडल्या नाहीत. मेस्त्रीनं एकेक ठोकून बघितली, पोकळ वाजल्या तेवढ्याच काढल्या आणि बाकीच्यांवर अ‍ॅडहेसिव्हनं नव्या चढवल्या. वरच्या अर्ध्या भिंतीला गिलावा भरून पातळी मिळवावी लागली, एवढीच कटकट. जुनी पाइप भिंतीतच बंद करून टाकली. नवी सीपीव्हीसी (गरम पाणीही सोसणारी प्लॅस्टिकची) लाइन बाहेरच्या भिंतीवरून फिरवून नळापाशी आत घेतली, उन्हानं पाइप कडक होऊन तडकू नये म्हणून वर रंग दिला. दिसायला फार सुंदर नाही, पण ती बाजू परसाकडे आहे. तिकडे बघतंय कोण?

कमोड पी-ट्रॅपचा घेतला. त्याचं तोंड मागे भिंतीत जातं आणि आमचं चेंबर भिंतीच्या पलीकडेच असल्यानं जमीन फार उकरावी लागली नाही. एस-ट्रॅपचा, म्हणजे तोंड खाली जमिनीत जाणारा, घेणार असाल तर भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं माप घेऊनच दुकानात जा. 9 इंच, 12 इंच असे प्रकार येतात, आणि माप नवी टाइल बसल्यावरच्या भिंतीपासून धरायचं असतं. निपाणीच्या आत्यांचे गुडघे गेलेत. गणपतीत त्या चार दिवस राहिल्या आणि जाताना म्हणाल्या, "भिंतीला तो दांडा लावलास ते बेस केलास बघ." टाइल्सचा रंग कुठला, हे त्यांच्या लक्षातही नसेल. तो स्टीलचा ग्रॅब बार सगळ्या खर्चातली जवळजवळ सगळ्यात स्वस्त वस्तू.

जमीन मात्र पूर्ण उकरली. उतार पाच फुटाला एक इंच धरला. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवरही फूटभर वर चढवून, न्हाण्याच्या कोपऱ्यात त्याहून उंच. मग गळतंय का बघायला जाळीचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं. मेस्त्री घाई करत होता, "सुकलंय की ओ, टाइल मारूया." ऐकायचं नाही. फरशीला एक फुटी मॅट टाइल आणि सांध्यांत इपॉक्सी ग्राउट (पाणी न शोषणारं रेझिनचं भरण). भिंतीला पैसे वाचवायला साधं सिमेंटचं ग्राउट भरलं होतं. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत, टॉवेलसुद्धा वाळत नव्हते तेव्हा, नळाच्या आजूबाजूचे भिंतीचे सांधे काळे पडले. फरशीचे अजून पहिल्यासारखे आहेत. इपॉक्सी कितीतरी पट महाग पडतं, पण पाणी उडतं तिथं कमरेपर्यंत तरी तेच भरा.

पाहुण्यांच्या बाथरूमचा खरा त्रास वेगळाच असतो, आणि तो दुकानात कुणी सांगत नाही. ते रोज वापरात नसतं. फरशीतल्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये जे पाणी साठून राहतं, तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. महिना-दीड महिना कुणी आंघोळ केली नाही, त्यातून एप्रिलचं ऊन, की ते पाणी उडून जातं. मग नव्या कोऱ्या बाथरूमला वास येतो आणि माणूस प्लंबरला बोल लावतो. आम्ही 50 मिलिमीटर पाणी धरणारा खोल ट्रॅप बसवून घेतला, तरी आठवड्याला तांब्याभर पाणी ओतायचं ठरवून टाकलंय. बेसिनच्या खालच्या बाटलीचंही (बॉटल ट्रॅपचंही) तेच. झरोक्याची एक काच काढून सहा इंची एक्झॉस्ट बसवला, पण त्यानं फक्त दमटपणा कमी होतो. ट्रॅप कोरडा असेल तर उलट तो वास आत ओढतो!

छताला लावायचा मोठा शॉवर दुकानदार गळ्यात मारत होता, घेतला नाही. दहा मीटर उंचीवरून पाणी आलं तर साधारण एक बार दाब मिळतो. आमची टाकी गच्चीवर, म्हणजे नळाच्या वर जेमतेम तीन मीटर. त्या दाबावर मोठा शॉवर नुसता ठिबकतो. हातशॉवर आणि बादलीचा नळ पुरे. गिझर मात्र तीन लिटरचा इन्स्टंट न घेता 15 लिटरचा साठवणीचा, दोन किलोवॅटचा घेतला. थंडीत वीस-पंचवीस मिनिटांत तापतो आणि गार पाणी मिसळून एका माणसाची आंघोळ निवांत होते. पाहुण्यांची रांग असली की दोघांत तेवढं अंतर ठेवावं लागतं. त्याला 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि अर्थिंग हवंच. आमच्या जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंग नव्हतंच, ते नव्यानं ओढून घेतलं.

फसलं ते दार. स्वस्तातलं पीव्हीसीचं घेतलं आणि श्रावणापर्यंत बिजागरीकडून खाली बसलं. आता उचलून लावावं लागतं. दिवाळीआधी डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेलं) बसवणार आहे, चौकट तीच ठेवून.