मालवणातली स्नॉर्कलिंगची होडी, आणि चार माणसांचे दोन हजार

नणंद दोन मुलांना घेऊन डोंबिवलीहून आली होती. पोरांना समुद्र आतून बघायचा होता, म्हणजे मास्क आणि नळी लावून तरंगत खालचं बघायचं, ते स्नॉर्कलिंग. डिसेंबरातल्या एका मंगळवारी कणकवलीहून सकाळची एस.टी. धरली आणि मालवणच्या जेटीवर उतरलो. होडीचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार त्या एका होडीपुरती नाही.

आधी सोयींचं. साडेआठची वेळ दिली होती, पावणेनऊला सुटलो. मालकाने नऊ वर्षांच्या पोरीच्या लाइफ जॅकेटचे बंद स्वतः ओढून बघितले आणि मगच इंजिन चालू केलं. मास्क गोड्या पाण्याच्या बादलीत बुचकळून देत होते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाजवळ खडकाळ भागात पाणी पुरुषभर खोल असेल. तपकिरी प्रवाळाचे गोळे आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे अगदी हाताच्या अंतरावर दिसले. पोरगी नळी तोंडात धरूनच ओरडत होती. बरोबर उतरलेल्या, होडीवर काम करणाऱ्या मुलाने तिचा हात एकदाही सोडला नाही. यासाठी पूर्ण गुण.

दोन गोष्टी खटकल्या. मासे गोळा व्हावेत म्हणून त्या मुलाने पाव कुस्करून टाकला. दुसरी त्याहून वाईट. नांगर टाकला तेव्हा तो खडकावरून खरखरत गेल्याचा आवाज मला होडीत बसून ऐकू आला. प्रवाळाचा गोळा वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. मी बोलले तेव्हा मालक म्हणाला, "बोया बांधून दिली तर आम्ही तेकाच बांधू. नांगर टाकूची हौस नाय आमका." मला ते पटलं. बोया म्हणजे तळाशी पक्का बांधलेला तरंगता गोळा. तो कायमचा असेल तर होडी त्याला बांधता येते. तो बसवणं एकट्या होडीवाल्याच्या आवाक्यातलं नाही.

आता पैशाचं. माणशी पाचशे, चौघांचे दोन हजार. ते कुठे गेले हे मी विचारलं, आणि मालकाने न कंटाळता सांगितलं. डिझेल, पाण्यात उतरणाऱ्या दोन मुलांचा रोज, इंजिनाचा हप्ता. आम्ही थेट जेटीवर आलो म्हणून मधल्या माणसाचं कमिशन वाचलं, नाहीतर प्रत्येक डोक्यामागे शंभर तिथेच जातात. दोन्ही मुलं त्याच्याच वाडीतली, रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मिळून जाळं ओढणाऱ्यांच्या घरातली. म्हणजे आमचे बरेचसे पैसे वाडीतच राहिले. फिरायला जाताना हा प्रश्न आपण विचारत नाही. मी विचारते, कारण एके काळी तेच माझं काम होतं.

मालवणचा हा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. एकूण 29.12 चौरस किलोमीटर, त्यातला 3.18 चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र, त्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि जवळचं पद्मगड बेट आलं. पाण्यावर रेघ मारलेली नसते, पण मासेमारी करणाऱ्याच्या मनात ती रेघ कायम असते. आपली जाळी बंद होतील या भीतीने इथल्या मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला. ती भीती किती खरी ठरली, कुणाच्या घरात काय बदललं, हे मोजायचं तर दारोदार जावं लागतं. बी.ए.ला असताना सुट्टीत मी मच्छीमारांच्या घरोघरी जाऊन अशाच पाहणीचे फॉर्म भरले होते.

पहिल्याच घरात अंगणात पेडवे, म्हणजे छोटे मासे, सुकत घातलेले. मी छापील प्रश्न वाचला, "महिन्याचं उत्पन्न किती?" मावशीने वर बघितलं आणि म्हणाली, "कालचा इचारतंस काय गेल्या म्हयन्याचा?" रापणीचा वाटा मासळी लागली तर मिळतो, त्यातही जाळ्याचा वाटा वेगळा. तिच्यापाशी महिन्याचा आकडा नव्हताच. त्या दिवशी कळलं की फॉर्ममध्ये छपराचा रकाना का असतो. कौलं, पत्रा की स्लॅब, जमीन शेणाची की लादीची, घरात फ्रीज आहे का. आकडा माणूस विसरतो किंवा लपवतो, छप्पर तसंच दिसतं. पाच वर्षांनी त्याच घरी जाऊन तोच रकाना भरला तर काहीतरी हाती लागतं.

आम्ही तिथे दोन चुका केल्या. सकाळी दहाला जायचो, तेव्हा बायका बाजारात मासळी विकत असायच्या. मग उत्तरं पुरुषांची, आणि घरखर्च बायकांचा. दुसरी चूक मला मोठी वाटते. अभयारण्याबाहेरचं एकही गाव आम्ही धरलं नाही. बांगडा कमी लागला तर दोष कुणाचा, अभयारण्याच्या रेघेचा, पर्ससीनच्या मोठ्या घेरजाळ्यांचा की एलईडी दिवे लावून रात्री मासळी ओढणाऱ्यांचा? देवगडकडची एखादी वाडी शेजारी ठेवून बघितल्याशिवाय हे सांगताच येत नाही. तरी जो तो छातीठोक सांगतो. याचा मला अजून राग येतो.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर घडवतात. तिथे पैसा थेट बाईच्या हातात पडतो. मालवणात मला जेटीवर तिकीट फाडणारी एक बाई दिसली, होडीवर एकही नाही.

दुपारी मालकाच्याच घरी जेवलो. ताटाचे वेगळे पैसे, बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं, सोलकढी, गरम भाकरी. मीठ बेताचं, मासा सकाळचा. नणंदेने दोनदा कढी मागून घेतली. पुढची पडवी कौलारू होती, मागे पाहुण्यांसाठी दोन स्लॅबच्या खोल्या नव्याने काढलेल्या. माझी नजर छपराकडे गेलीच. मालकाची आई म्हणाली, खोल्या होडीच्या पैशातून झाल्या, पण मेअखेर पर्यटन बंद, जून-जुलै मासेमारीही बंद, तेव्हा घर तिच्या सुक्या मासळीवर चालतं. हे महिने कुठल्या जाहिरातीत दिसत नाहीत.

मुलांना घेऊन जरूर जा. थेट जेटीवर जाऊन पैसे द्या, पाव टाकू नका असं आधीच सांगा, नांगर कुठे टाकतात ते बघा. पाचातले चार तारे. पाचवा बोया बसेल तेव्हा.

निघताना मी पिशवीतली वही काढून आजींनी सांगितलेले महिने टिपून घेत होते. त्या जवळ येऊन बघत राहिल्या. "आधीय लिवन घेवन गेले होते," म्हणाल्या, "परत कोण येवक नाय. तू कधी येतलंस?"

मी म्हटलं, जुलैत येते, होड्या वर काढलेल्या असताना.

"ये तर. तेव्हा भाकरी मिळतली, मासो नाय."